राग नोंदवायचा कुठे?

सत्तेवर बसवलेल्या पक्षाला मधल्या निवडणुकीत चिमटा काढायचा, ही मतदाराची जुनी रीत आहे. अमेरिकेत गेल्या शंभर वर्षांत १९३४, १९९८ आणि २००२ एवढ्याच वेळा मधल्या निवडणुकीत अध्यक्षाच्या पक्षाला प्रतिनिधिगृहात फटका बसला नाही. अशा मतदानाने सरकार पडत नाही, म्हणून हात सैल सुटतो. चिडलेला हटकून मतदानाला जातो, समाधानी माणूस घरी बसतो.

पालघरने ही रीत मे २०१८ मध्ये पाळली. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत भाजपचे राजेंद्र गावित २९,५७२ मतांनी निवडून आले. पण भाजपची २०१४ ची ५,३३,२०१ मते २,७२,७८२ वर आली. युती तुटली होती आणि शिवसेनेच्या श्रीनिवास वनगांना २,४३,२१० मते पडली, हे धरले पाहिजे. गंमत अशी की तीच शिवसेना राज्यात भाजपच्या मांडीला मांडी लावून बसली होती. सरकारवरचा राग सरकारातल्याच दुसऱ्या पक्षाच्या पदरात पडला.

पालघर जिल्ह्यातल्याच मोखाडा तालुक्याचा राग याहून जुना. सप्टेंबर २०१६ मध्ये कुपोषित बालकाच्या मृत्यूनंतर तिथल्या खोच गावी गेलेले तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा यांना लोकांच्या संतापाला तोंड द्यावे लागले. ते इथलेच, विक्रमगडचे तेव्हाचे आमदार. २०१९ मध्ये याच मतदारसंघात त्यांचे पुत्र हेमंत सवरा राष्ट्रवादीच्या सुनील भुसारांकडून हरले. पराभवाला कारणे अनेक असतात, पण घरात मंत्रिपद येऊन गेले होते, तेही हा पराभव टाळू शकले नाही, हे खरे.

मोखाड्यातल्या पोशेरा गटाला मधली निवडणूक मिळाली ती मात्र मतदाराच्या मागणीने नव्हे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ओबीसी राखीव जागांवरची सदस्यपदे गेली आणि ५ ऑक्टोबरला पालघर जिल्हा परिषदेच्या १५ गटांत पुन्हा मतदान झाले. शिवसेना ५, भाजप ५, राष्ट्रवादी ४, माकप १. राज्यात तेव्हा सत्तेत असलेल्या शिवसेना-राष्ट्रवादीला ना शाबासकी, ना चपराक. आमच्या मते यामागे भीती आहे. नळपाणी योजना, अंगणवाडी, रस्ता, सगळ्याचा पैसा वरून येतो. सत्तेतल्याशी वाकडे घेतले तर पाड्यावरचा टँकरही लांबेल, असा हिशेब गरीब मतदार करतो. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात, त्याचे पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. तरीही राग गिळला जातो.

आता तर गिळलेला राग ओकायलाही जागा उरलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये निवडलेल्या जिल्हा परिषदेच्या सभागृहाची पाच वर्षे २०२५ च्या आरंभी सरली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी स्थानिक निवडणुकांसाठी चार महिन्यांची मुदत दिली, तीही उलटली. फेब्रुवारी २०२६ मध्ये १२ जिल्हा परिषदांत मतदान झाले, त्यात पालघर नव्हते. कारण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाते. ते जाणारच, कारण इथे आदिवासींची वस्तीच तेवढी आहे! ज्यांच्या संख्येमुळे राखीव जागा वाढल्या, त्यांनाच त्या संख्येपायी मतदानासाठी ताटकळत ठेवायचे, हा कुठला न्याय? सभागृहाच्या जागी बसलेला प्रशासक कितीही सज्जन असो, त्याला पाडता येत नाही. ज्याला पाडता येत नाही, तो शाळेत मास्तर नाही म्हणून कोणाच्या दारात हात जोडून उभा राहणार नाही.

आदिवासी जिल्ह्यांचा हा पेच न्यायालयापुढे तातडीने सोडवून घेणे हे राज्य सरकारचे काम आहे. ते रेंगाळले तर लोक मतपेटीकडे पाठ फिरवतील, किंवा मोर्चा घेऊन तहसीलवर येतील. दोन्हींची चाहूल आजच घेतलेली बरी. आणि निवडणूक आयोगाने तारीख लावताना इथले पंचांग पाहावे. ७ जानेवारी २०२० ला मतदान झाले तो हंगाम स्थलांतराचा. भात झोडून झाले की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि बरीचशी शिमग्याला परततात. मतदान त्या आधी घ्या, नाहीतर शिमग्यानंतर.