पाणी साचलेला प्लॉट पडीक नाही



भादव्यात माळावरून फिरलं तर पुष्कळ प्लॉटांवर नागली पिवळी दिसते. कोणी म्हणतं रोग पडला, कोणी म्हणतं बी खराब. पण जिथे आठ-दहा दिवस पाणी हललंच नाही तिथे कारण सरळ आहे. मुळालाही हवा लागते. मातीत बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा खेळते. पाणी भरलं की हवा संपते, मूळ गुदमरतं, काळं पडून कुजतं. कुजकं मूळ खत ओढत नाही, आणि मातीतलं नत्र पाण्याबरोबर खाली जातं नाहीतर हवेत उडून जातं. म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. पायाखाली पाणी, आणि झाड उपाशी.

भाताचं तसं नाही. त्याच्या कांडात पोकळ नळ्या असतात, पानाकडची हवा त्यातून मुळापर्यंत उतरते. म्हणून तो खाचरात उभा राहतो. नागली-वरईला अशी सोय फारशी नाही. मका तर गुडघ्याएवढा व्हायच्या आत पाण्यात सापडला की दोन-चार दिवसांत हातचा जातो. आपल्या म्हाताऱ्यांनी खोलगटात भात आणि उतारावर नागली लावली ती याच हिशोबाने. आपल्याला अडाणी म्हणणाऱ्यांना हे एकदा सांगायला पाहिजे.

मग उतारावर पाणी साचतं कसं? पाऊस जास्त झाला हे खरंच. पण सगळा दोष पावसावर टाकून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. उतारावरचं पाणी आपोआप उतरतं, कोणी अडवलं तरच थांबतं. दावे लटकलेल्या प्लॉटांवर रोपवनाचे खड्डे नि आडवे चर मारले जातात. चर हा पाणी अडवायलाच असतो. बोडक्या डोंगरावर तो चांगला, खालची विहीर उन्हाळ्यात जास्त दिवस टिकते. त्याला आमचा विरोध नाही. पण कसत्या शेतात, नाहीतर शेताच्या डोक्यावर चर मारला की त्याचं पाणी खाली झिरपतच राहतं. पाऊस उघडला तरी वाफसा येत नाही. आणि चर फुटला तर मातीच घेऊन जातो.

भरपाई मागायला गेलं तर ६५ मिलिमीटरचा आकडा पुढे करतात. एका दिवसात तेवढा पडला तर अतिवृष्टी. रोज ४० असा दहा दिवस पडला तर ६५ काही भरत नाही, पण मूळ कुजायला तेवढं बास आहे. त्यात आपल्याकडे सातबारा नाही, मग पंचनाम्याला येतो कोण?

खरी भीती त्याच्या पुढची आहे. पीक बसलं, दिवाळीच्या सुमाराला पडताळणीवाले आले, प्लॉट उघडा दिसला, की कागदावर ‘पडीक’ लिहिलं जातं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतोय म्हणून दावा केलेला माणूस एका ओल्या सालात खोटा ठरतो. पीक गेलं म्हणजे कसणं गेलं का? वनहक्काच्या नियमांत बांध आणि सपाटी केलेली जमीन हाही पुरावा आहे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. आणि पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये लिहिलेलं आहे. पडताळणीला यायच्या आधी दावेदाराला कळवणंही बंधनकारक आहे. न कळवता आले तर तसं लिहून घ्यायला सांगा.

आत्ता शेतातलं काम असं. बांधाला खालच्या अंगाने तोंड पाडून पाणी काढा. वाफसा आला की बेणणी करा, कणसं निसवली नसतील तर थोडा युरिया द्या, पिवळेपणा काही अंशी सावरतो. चराला तोंड पाडायचं असेल तर एकट्याने रात्री जाऊ नका, त्याचीच केस होते. ग्रामसभेत ठराव करा आणि सगळ्यांनी मिळून दिवसाउजेडी जा.

आणि प्रत्येक पाड्याने वहीत लिहा: कोणाचा प्लॉट, काय लावलं होतं, पाणी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उभं होतं, कुठून आलं, वर चर आहे का. शेजारच्या दोघांच्या सह्या नाहीतर अंगठे घ्या. एक प्रत वनहक्क समितीकडे द्या. दुसरी घरात ठेवा, कोणी साहेबाने मागितली तरी मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या.