सहा आकड्यांचे नवे परमिट



८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. सोलापूरच्या बाजारात कांद्याची आवक भरात होती. त्या दिवशी एकाही शेतकऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी आला नाही. ‘तुमचा भाव पाडू का?’ असे कोणी विचारले नाही. घ्यायचे असते तेव्हा सरकारला आपली ओळख लागत नाही. द्यायचे असते तेव्हा मात्र आधार, सातबारा, अंगठा आणि वर सहा आकड्यांचा ओटीपी! वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत द्यायचे, त्यासाठी ई-केवायसी. ठिबकचे अनुदान, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, प्रत्येक दारावर तोच पहारेकरी. आम्ही घामाचे दाम मागितले होते. पदरात पडले हे नवे परमिट.

करकंबच्या कोणत्याही सेवा केंद्रात जाऊन पाहा. खुर्चीवर बसलेला पोरगा एक, आणि त्याच्याकडे अनेक गावांच्या, वाड्यावस्त्यांच्या शेतकऱ्यांची कागदपत्रे. मालक द्राक्षबागेत औषध मारतोय, नाहीतर उसाला पाणी देतोय. पोरगा फोन लावतो, ‘दादा, आकडा आलाय का? लवकर सांगा.’ आधारचा ओटीपी दहा मिनिटांत मरतो. विहिरीवर रेंज नाही, म्हातारबाला इंग्रजी वाचता येत नाही, नातू शाळेत. आकडा शिळा झाला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सोपा मार्ग निघतो. शेतकऱ्याच्या अर्जात केंद्रवाल्याचाच मोबाईल नंबर टाकायचा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायचा. काम पटकन होते. पण त्या दिवसापासून त्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाते. अर्ज मंजूर झाला की नाकारला, कोणती त्रुटी निघाली, हे आधी त्याला कळते. मालकाला कळते ते त्याने सांगितले तर.

केंद्रवाल्या पोरावर राग काढून उपयोग नाही. तो आपलाच पोरगा आहे, शिकून नोकरी न मिळालेला. सरकारने तलाठी, कृषी सहाय्यक आणि बँकेच्या कारकुनाचे काम त्याच्या गळ्यात घातले आणि मजुरी अर्जावर ठरवली. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा केंद्रवाल्याला अर्जामागे ४० रुपये मिळत होते. जितके अर्ज तितके पैसे, अशी रचना केल्यावर बोगस अर्ज निघणारच. निघाले. २०२५ मध्ये ती योजनाच गुंडाळली आणि हप्त्याचा बोजा पुन्हा शेतकऱ्याच्या डोक्यावर आला. रचना चुकली सरकारची, दंड भरला खऱ्या शेतकऱ्याने.

यापेक्षा मोठा धोका बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात म्हटले, की ग्राहकाने गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे स्वतःचे. शहरातल्या माणसाला हा नियम रास्त वाटेल. तो आपला ओटीपी आपल्या फोनवर आपणच टाकतो. पण ज्याला सरकारी योजनेसाठी आठवड्याला एकदा आकडा दुसऱ्याला सांगावाच लागतो, त्याला सांगण्याची सवय सरकारनेच लावली आहे. मग एके दिवशी भामटा फोन करतो, ‘तुमचा हप्ता अडकलाय, आकडा सांगा.’ भाषा तीच, घाईही तीच. शेतकऱ्याने फरक ओळखायचा कसा?

आणि मायबहिणींचे काय? लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. सातबाऱ्यावर तिचे नाव लागले. पण ओटीपी येतो घरधन्याच्या मोबाईलवर. सही तिची, होकार त्याचा. जमीन नावावर करून जे दिले, ते मोबाईलच्या नंबरावाटे परत घ्यायचे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रिचार्ज संपून नंबर बरेच दिवस बंद राहिला, तर कंपनी तो काढून घेते आणि पुढे दुसऱ्या गिऱ्हाईकाला देते. आधारला जोडलेला नंबर असा गेला, तर तुमचा ओटीपी परक्या माणसाच्या खिशात वाजतो. नेटची गरज नसलेल्यांसाठी फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे पॅक कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत, असा आदेश दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. ते पॅक मागून घ्या.

सरकार सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर गावाने काय करायचे? प्रत्येक घराने एका वहीत लिहावे, कोणत्या योजनेला आणि बँकेला कोणाचा नंबर दिला आहे. दुसऱ्याचा नंबर असेल तर बदलून घ्यावा. आकडा सांगायचा तो समोर बसून, संदेश वाचून आणि काम कोणते ते विचारून. फोनवरून कोणालाही सांगायचा नाही. केंद्रवाल्याने एका वेळी एकाच शेतकऱ्याचे काम उघडावे, पासवर्ड लिहून ठेवू नये, पोच हातात द्यावी. तुमचे आधार कुठे कुठे वापरले गेले, हे आधारच्या संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांपर्यंतचे पाहता येते, ते पाहून घ्यावे. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. त्याच घटकेला १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा.

जिल्हा बैठकीने सरकारपुढे चार मागण्या ठेवाव्यात:

१. ओटीपीचा संदेश मराठीत यावा आणि त्यात काम कोणते, रक्कम किती, हे स्पष्ट असावे.

२. एकदा शेतकरी ओळख क्रमांक दिल्यावर दर योजनेसाठी नवी केवायसी मागू नये.

३. ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याला सही-अंगठ्याचा कागदी अर्ज करण्याचा हक्क असावा.

४. सरकारी कामासाठी दुसऱ्याला ओटीपी सांगावा लागलेल्या शेतकऱ्याची फसवणूक झाली, तर तो त्याचा हलगर्जीपणा धरू नये.

परमिटचा कागद जाऊन आकडा आला, म्हणून परमिटराज गेले असे होत नाही. आपली सही आपल्या हातात राहिली पाहिजे. करकंबच्या शेतकऱ्यांनी बैठकीला येताना घरातली वही सोबत आणावी. सुरुवात तिथून करू.