पायाला मुंग्या आणि नळाचं पाणी

आमच्या गल्लीतले एक काका सकाळी उठले तर दोन्ही पाय बधिर. घरच्यांनी तेल लावून चोळलं, एका दवाखान्यात 'अशक्तपणा' म्हणून सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी जिना चढता येईना, तेव्हा घाटीत नेलं. आठ-दहा दिवसांपूर्वी घरात सगळ्यांना जुलाब झाले होते, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं! निदान निघालं जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम.

हे नाव आपल्याला जानेवारी २०२५ मध्ये कळलं, पुण्याच्या सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात रुग्ण वाढले तेव्हा. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. जंतूशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. बधिरपणा पायांतून वर चढतो, श्वासापर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो.

प्रत्येक मुंगी म्हणजे जीबीएस नव्हे, उगाच घाबरू नका. उन्हात राबून पायात गोळे येतात ते घामातून मीठ-पाणी गेल्यानं. हाताची बोटं आखडतात त्यात कॅल्शियमची कमतरता असू शकते. तळपायांची जुनी आग मधुमेहाची किंवा बी-१२ ची. पण एकाच बाजूचा हात-पाय अचानक गेला, तोंड वाकडं झालं, तर तो पॅरालिसिसचा झटका. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, चोळत बसू नका.

आता आपल्या शहराचं बोला. नाथसागर उशाला आणि नळाला पाणी कित्येक दिवसांनी! लाइन रिकामी असते तेव्हा फुटक्या जोडातून शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत ओढलं जातं. मग तेच आपण पिंपात, हौदात आठवडाभर साठवतो, तोवर क्लोरीनही उडून गेलेलं. नव्या योजनेच्या कोट्यवधींच्या आकड्यांचे फलक लागतात. पण माझ्या वॉर्डातल्या पाण्यात किती क्लोरीन आहे, जंतू सापडले का, हा कागद मला दर आठवड्याला का दिसू नये? तपासणी होत असेल तर वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा. टँकरचंही लावा.

आमच्याकडं गुरुवारी पाणी आहे. पहिलं पिंप भरायच्या आधी मी बाटलीत नमुना घेऊन ठेवणार आहे. तुमच्याकडं गढूळ आलं तर तारीख आणि गल्ली कमेंटमध्ये लिहा, सगळी यादी घेऊन महापालिकेत जाऊ.