रजा की राजीनामा?

सरकार पगार देत नाही, मग बिनपगारी रजेवरील सेवकाने अन्यत्र चार पैसे मिळविले तर बिघडले कोठे, असा सवाल केला जातो. तो आम्हांस मान्य नाही. रजेत पगार थांबतो. पदावरील हक्क थांबत नाही. आज ज्या कंपनीची चाकरी करावयाची, उद्या तिच्याच अर्जावर निकाल द्यावयाचा, हे जनतेने का सोसावे? रजाकाळात दुसरी नोकरी धरण्यास पूर्वपरवानगी आवश्यक ठरविणारा केंद्रीय रजा नियम, १९७२ मधील १३ वा नियम म्हणूनच रास्त होय. मात्र परवानगीचा अर्ज महिनोन् महिने दप्तरी पडून राहणे, हाही अन्यायच. सरकारने मुदतीत होय किंवा नाही सांगावे. सेवकाने तोवर थांबावे. ज्यास थांबवत नाही, त्यास राजीनाम्याची वाट मोकळी आहे.