विश्लेषण : पडद्यावरचे चित्र नेमके कोणाचे? आयकॉन बदलण्याचे स्वातंत्र्य कसे मिळाले, कसे आक्रसले?

सप्टेंबर २०२० मध्ये आयफोनसाठी आयओएस १४ ही प्रणाली आली आणि स्वतःच्या आवडीचे आयकॉन लावलेल्या पडद्यांच्या छायाचित्रांचा समाजमाध्यमांवर पूर आला. अनेकांनी या सजावटीसाठी तास-तास घालवले. कारण ॲपचे चित्र थेट बदलण्याची सोयच नव्हती. 'शॉर्टकट्स' या ॲपमधून आडवाटेने ते करावे लागत होते. याच कंपनीच्या संगणकावर १९९१ मध्ये हे काम 'कॉपी' आणि 'पेस्ट' एवढ्यात होत असे. तेव्हा जे सहज होते, ते तीन दशकांनी कसरत का ठरावे? हा प्रश्न फक्त हौसेचा नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राच्या पडद्यावर अंतिम शब्द कोणाचा, हा त्यातला खरा मुद्दा आहे.

आयकॉनची कल्पना आली कुठून?

संगणकाकडून काम करून घ्यायचे तर आज्ञा पाठ करून टंकायच्या, ही जुनी रीत. डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७५ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात पडद्यावरील अर्थपूर्ण चित्रासाठी 'आयकॉन' ही संज्ञा वापरली. पुढे ते झेरॉक्स कंपनीत गेले आणि १९८१ मध्ये झेरॉक्सचा 'स्टार' हा संगणक बाजारात आला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, टपालाच्या पेट्या अशी कार्यालयातील ओळखीची चित्रे होती. पण एका यंत्राची किंमत १६ हजार डॉलरच्या पुढे असल्याने ती सामान्यांपर्यंत पोहोचली नाहीत. २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने मॅकिंटॉश २,४९५ डॉलरला आणला, तेव्हा ही चित्रभाषा कार्यालयाबाहेर पडून घराघरांत शिरू लागली.

३२ चौकटींच्या जाळीत चित्र कसे बसते?

मॅकिंटॉशची चित्रे सुझन केअर यांनी काढली. त्यांनी कलेत पीएचडी केली होती, संगणकशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. मॅकिंटॉशचे प्रोग्रॅमर अँडी हर्ट्झफेल्ड हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या सांगण्यावरून केअर यांनी आलेख कागदाची वही घेतली आणि ३२ गुणिले ३२ चौकटींत रेखाटने सुरू केली. काही चौकटी काळ्या करायच्या, बाकीच्या कोऱ्या सोडायच्या. पडदा कृष्णधवल होता, राखाडी छटाही नव्हती. ठिपक्यांची रांगोळी किंवा कापडावरचे टाक्यांचे भरतकाम ज्याने केले आहे, त्याला ही शिस्त लगेच कळेल: ठिपके मोजके, त्यातच आकृती उभी करायची. हसरा संगणक, कचऱ्याचा डबा, बिघाड झाल्यावर दिसणारा बॉम्ब ही सारी चित्रे याच जाळीतून आली.

या आकारामागे हिशेब होता. ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४ चौकटी. प्रत्येकीला एक बिट धरला, तर पूर्ण चित्र १२८ बाइटमध्ये मावते. पहिल्या मॅकिंटॉशची एकूण स्मृती १२८ किलोबाइट होती, त्यामुळे काटकसर भागच होती. चित्रासोबत तेवढ्याच आकाराचा 'मास्क' असे. चित्राचा कोणता भाग भरीव आणि कोणता पारदर्शक, हे त्यावरून ठरे. मास्क नीट काढला नाही, तर कागदाच्या चित्राच्या पोटातून मागच्या पडद्याची राखाडी नक्षी डोकावे.

चित्र प्रोग्रॅमपासून वेगळे का ठेवले गेले?

मॅकवरील फाइलला दोन कप्पे असू शकत. एकात मजकूर किंवा माहिती, तर दुसऱ्या 'रिसोर्स' कप्प्यात मेनूतील शब्द, सूचनांच्या चौकटी, आयकॉन अशा गोष्टी. ही व्यवस्था ब्रूस हॉर्न यांनी रचली. तिचा एक उघड फायदा भाषांतरकारांना झाला. मूळ प्रोग्रॅम न उघडताही मेनूतील शब्द फ्रेंच किंवा जर्मन करता येत. जे शब्दांचे, तेच चित्रांचे. ॲपलच्याच 'रेसएडिट' या साधनाने कोणालाही तो कप्पा उघडता येई. त्यात चित्र मोठ्या जाळीत दिसे आणि माऊसने एकेक चौकट काळी-पांढरी करता येई.

अर्थात ते जपून करण्याचे काम होते. चुकीची नोंद खोडली, तर प्रोग्रॅम बंद पडे. म्हणून मूळ फाइलची प्रत काढून त्या प्रतीवरच हात चालवावा, हा पहिला धडा असे. शिवाय बदल लगेच दिसेलच असे नसे. आयकॉनची नोंद प्रणाली एका लपलेल्या 'डेस्कटॉप' फाइलमध्ये ठेवत असे. संगणक सुरू होताना कमांड आणि ऑप्शन या कळा दाबून धरल्या, की ती फाइल नव्याने बांधली जाई आणि मग नवे चित्र दिसे.

'सिस्टीम ७' मुळे काय बदलले?

१३ मे १९९१ रोजी आलेल्या सिस्टीम ७ ने हे कसब सर्वांच्या हाती दिले. कोणत्याही चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये चित्र काढून ते कॉपी करायचे. ज्या फाइलचा किंवा फोल्डरचा आयकॉन बदलायचा, ती निवडून 'गेट इन्फो' उघडायचे. तिथल्या छोट्या चित्रावर क्लिक करून पेस्ट करायचे. संपले काम. नवे चित्र फाइलच्याच रिसोर्स कप्प्यात जाई. फोल्डरसाठी आत एक अदृश्य फाइल तयार होई.

या सोयीतल्या दोन बारीक गोष्टी आज विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, लावलेले चित्र त्याच चौकटीत 'कट' केले, की मूळ आयकॉन परत येई. म्हणजे केलेला बदल मागे घेता येत होता. दुसरी, चित्र कोणतेही लावले, तरी फाइल प्रोग्रॅम आहे, दस्तऐवज आहे की फोल्डर, हे 'गेट इन्फो'च्या चौकटीत लिहिलेले असे. ती नोंद आयकॉनबरोबर बदलत नसे.

ही उदारता एकट्या मॅकची नव्हती. १९८५ च्या कमोडोर ॲमिगावर आयकॉन म्हणजे '.info' नावाची स्वतंत्र फाइल असे आणि तो बदलण्याचे साधन प्रणालीसोबतच मिळे. आपल्याकडच्या बहुतेक घरांना आणि कार्यालयांना ओळखीच्या असलेल्या विंडोजचेही तसेच होते. १९९० च्या विंडोज ३.० चे अनेक आयकॉन केअर यांनीच काढले होते. तिथे 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'चेंज आयकॉन' निवडायचे, की झाले. १६ रंगांची, ३२ गुणिले ३२ ची आयकॉन फाइल अवघी ७६६ बाइटची. विंडोज ३.१ सोबत तर जादा आयकॉनचा एक साठाच दिलेला होता.

या स्वातंत्र्यातून निघाले काय?

याकडे 'पोरखेळ' म्हणून पाहणारे तेव्हाही होते. पण शौकिनांमधूनच व्यवसाय उभे राहिले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'आयकॉनफॅक्टरी'ने मॅकसाठी मोफत आयकॉन वाटण्यापासून सुरुवात केली. पुढे विंडोज एक्सपीचे शंभराहून अधिक आयकॉन काढण्याचे काम मायक्रोसॉफ्टने याच मंडळींना दिले. त्याहून मोलाचा लाभ मात्र मोजता न येणारा आहे. यंत्र कुणीतरी बनवलेले आहे, त्याचे भाग सुटे आहेत आणि ते आपल्यालाही बदलता येतात, ही जाण त्या छोट्या जाळीने दिली. प्रोग्रॅमिंगचा एक शब्दही न शिकता येणारा तो आत्मविश्वास होता.

मोबाइलवर दार का बंद झाले?

स्मार्टफोनवर आयकॉन पुन्हा ॲपमध्ये चिणला गेला. आयफोनवर ॲप आणि त्याची चित्रे एकाच डिजिटल स्वाक्षरीखाली येतात. आतले चित्र बदलले, तर स्वाक्षरी अवैध ठरते. २०१७ पासून ॲपला पर्यायी आयकॉन देण्याची मुभा मिळाली, पण ते द्यायचे की नाही आणि कोणते, हे ॲप बनवणारा ठरवतो. २०२० च्या 'शॉर्टकट्स'च्या आडवाटेत तर बदललेल्या आयकॉनवर न वाचलेल्या संदेशांचा आकडाही दिसत नसे. २०२४ च्या आयओएस १८ ने सर्व आयकॉन एका रंगात रंगवण्याची सोय दिली. म्हणजे रंग निवडा, चित्र नाही. अँड्रॉइडवर वेगळा लाँचर घेऊन 'आयकॉन पॅक' लावता येतात, हे त्या मानाने बरे. मॅकवर आणि विंडोजवर जुनी सोय अजून टिकून आहे.

सुरक्षेचा युक्तिवाद कितपत खरा?

कंपन्यांच्या बाजूने दोन कारणे दिली जातात: ओळख आणि सुरक्षा. आयकॉन सगळीकडे सारखा असेल, तर कोणाच्याही फोनवर तो ओळखता येतो आणि मदत करणाऱ्याला सांगणे सोपे जाते. हे कारण रास्त आहे. सुरक्षेचे कारण मात्र तपासून घ्यावे लागते. वाहतूक चलनाच्या किंवा बँकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलींनी अनेकांना गंडा घातला आहे. त्यात फसवे चित्र असते खरे, पण ते वापरकर्त्याने लावलेले नसते. फसव्या प्रोग्रॅमने स्वतःच तो मुखवटा घातलेला असतो. वापरकर्त्याला चित्र बदलण्यास बंदी केल्याने हा भामटा अडत नाही. त्याला अडवण्यासाठी ॲप कोणी बनवले, कुठून आले, हे ठळक आणि न बदलणाऱ्या अक्षरांत दिसायला हवे. म्हणजे 'गेट इन्फो'च्या चौकटीतल्या त्या ओळीचे काम.

उलट, वापरकर्त्याला न विचारता चित्र बदलण्याचा अधिकार कंपन्या मुक्तपणे वापरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलने जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट यांचे आयकॉन एकाच चार रंगांत नव्याने आणले. ते एकमेकांसारखे दिसतात, अशी तक्रार जगभरातून झाली. ज्यांना इंग्रजी नावे सहज वाचता येतात, त्यांचा गोंधळ चार दिवसांत मिटतो. पण चित्र हीच ज्यांची अक्षरओळख आहे, त्या आजी-आजोबांचे काय? 'लाल पाकिटावर बोट ठेवा' असे नातवाने शिकवलेले असते आणि एका अपडेटनंतर ते पाकीट तिथे नसते. दृष्टी अधू झालेल्यांचे दुखणे तेच. ठळक, काळे-पांढरे चित्र त्यांना सोयीचे, पण ते निवडण्याचा हक्क सगळीकडे नाही.

मग मार्ग कोणता?

तोडगा नवा शोधायची गरज नाही. तो १९९१ मध्येच सापडला होता. आयकॉन दाबून धरला, की 'चित्र बदला' आणि 'मूळ चित्र आणा' असे दोन पर्याय मिळावेत. हे चित्र फक्त त्या फोनपुरते असावे आणि ॲपच्या स्वाक्षरीला हात न लावता वेगळे साठवले जावे. ॲपचे खरे नाव व निर्माता माहितीच्या चौकटीत कायम दिसावा. आणि अपडेटने आयकॉन बदलणार असेल, तर जुना ठेवण्याची मुभा असावी. यातले काहीही तंत्रज्ञानाला अवघड नाही. १२८ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रापासून सुरू झालेल्या परंपरेला सात वर्षांत जे जमले, ते कित्येक गिगाबाइटच्या फोनला न जमण्याचे कारण तांत्रिक असू शकत नाही. ब्रँडची ओळख जपणे हा कंपन्यांचा हक्क दुकानाच्या पाटीपर्यंत आहे. माल घरी आणल्यावर डब्यावर कोणती चिठ्ठी लावायची, हे घरातल्या माणसानेच ठरवायचे असते.