अव्वल स्थानावरून घसरगुंडी

खेळाच्या मैदानावर अपयश नवे नसते. मात्र एका वर्षी सर्वांत वरच्या पायरीवर उभा असलेला संघ पुढच्याच वर्षी बाद फेरीचा उंबरठाही ओलांडू नये, असे क्वचितच घडते. बर्फावरील हॉकीच्या जगातील सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा असलेल्या उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये २०२४-२५च्या हंगामात न्यूयॉर्क रेंजर्सच्या वाट्याला नेमके हेच आले. २०२३-२४मध्ये ५५ विजय आणि ११४ गुणांसह साखळीत अव्वल ठरून ‘प्रेसिडेंट्स ट्रॉफी’ पटकावणारा हा संघ वर्षभरात ३९ विजय आणि ८५ गुणांवर आला. पूर्व विभागातून बाद फेरीत शेवटचा प्रवेश मिळवणाऱ्या माँट्रिअलचे गुण होते ९१. ही ट्रॉफी जिंकल्यानंतर लगेचच बाद फेरी हुकलेला रेंजर्स हा इतिहासातील चौथा संघ. योगायोग असा, की १९९२-९३मध्ये अशी नामुष्की सर्वप्रथम ओढवली तीही रेंजर्सवरच.

हंगामाची सुरुवात पाहता या शेवटाची कुणाला शंकाही आली नसती. पहिल्या १७ सामन्यांत संघाने १२ विजय मिळवले होते. त्यानंतर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या १९ सामन्यांत १५ पराभव झाले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घरच्याच प्रेक्षकांनी महाव्यवस्थापक ख्रिस ड्रुरी यांच्या हकालपट्टीच्या घोषणा दिल्या. जेमतेम सहा आठवड्यांत असे काय घडले, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याचे उत्तर मात्र त्या सहा आठवड्यांच्याही मागे जाऊन शोधावे लागते.

आदल्या वर्षीच्या यशाचे दोन आधार होते. पहिला आधार गोलरक्षक इगोर शेस्टर्किन. दुसरा ‘पॉवर प्ले’. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू नियमभंगामुळे बाहेर बसवला गेला, की काही काळ समोर एक गडी कमी असतो. क्रिकेटमधील पॉवर प्लेपेक्षा अगदी वेगळ्या अशा या संधीचा लाभ २०२३-२४मध्ये रेंजर्सइतका फार थोड्या संघांनी उठवला. दर चार संधींमागे एकाहून किंचित अधिक गोल, असे त्यांचे प्रमाण होते. पुढच्या वर्षी ते सहा संधींमागे जेमतेम एकावर घसरले. आर्तेमी पानारिनचे वैयक्तिक गुण १२०वरून ८९वर आले, तर पाठीच्या दुखण्याने बेजार झालेल्या ख्रिस क्रायडरचे गोल ३९वरून २२वर. दोन्ही बाजूंचे गडी समसमान असताना होणारा खेळ हा या संघाचा जुनाच कच्चा दुवा. २०२४च्या विभागीय अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध दोन-एक अशी आघाडी घेऊनही रेंजर्स सलग तीन सामने हरले, तेव्हाच तो उघडा पडला होता. गोलरक्षकाने वाचवावे आणि पॉवर प्लेने जिंकून द्यावे, या सवयीने गुणतक्ता सजला. दुखणे मात्र अंगात मुरले.

ड्रुरी यांना हे दिसत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. किंबहुना २०२४च्या उन्हाळ्यापासून त्यांची धडपड संघ बदलण्यासाठीच चालली होती. त्यांचे हात बांधले होते ते मानधनाच्या मर्यादेने. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीला जशी मर्यादा असते, तशीच या लीगमध्ये खेळाडूंवरील एकूण खर्चाला असते. २०२४-२५मध्ये ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. त्यातील ८० लाख एकट्या कर्णधार जेकब ट्रूबाचे. शेस्टर्किनशीही नवा करार करणे भाग होते. डिसेंबरमध्ये झालेला तो करार आठ वर्षांचा आणि ९ कोटी २० लाख डॉलरचा, गोलरक्षकासाठी तोवरचा सर्वांत महागडा. एकाची झोळी भरायची, तर दुसऱ्याची रिकामी करणे अटळ होते. ट्रूबा तिशीत होता, क्रायडर ३३ वर्षांचा. हिशेब म्हणून ड्रुरी यांचे गणित चुकीचे नव्हते.

चुकली ती रीत. जून २०२४मध्ये बार्कले गुड्रो या जुन्या-जाणत्या खेळाडूला करारमुक्तीच्या यादीत टाकण्यात आले आणि तो आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या सॅन होजेकडे गेला. कराराने दिलेले संरक्षण असे बगल देऊन पार करता येते, हा धडा ड्रेसिंग रूमने त्याच दिवशी घेतला असणार. नोव्हेंबरमध्ये ड्रुरी यांनी इतर संघांच्या महाव्यवस्थापकांना संदेश धाडून ट्रूबा आणि क्रायडर यांच्याबाबत बोलणी करण्याची तयारी कळवली. तो संदेश बाहेर फुटला. झाकली मूठ उघडली आणि संघाचा कर्णधार विक्रीला काढला आहे, हे साऱ्या लीगला कळले. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ट्रूबाची रवानगी अॅनाहाइमला झाली. २०१९मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला काप्पो काक्को संघाबाहेर बसवल्याबद्दल उघड बोलला आणि काही दिवसांतच सिअॅटलला गेला.

अर्थात, साऱ्या पराभवांचे खापर एका संदेशावर फोडणे सोपे असले, तरी ते खरे नव्हे. तो फुटण्याआधीच पडझडीला प्रारंभ झाला होता आणि पॉवर प्लेची धार पत्राने बोथट होत नाही. पण पडझड सुरू असताना संघाला सावरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, त्या ज्येष्ठांचेच पाय अधांतरी ठेवण्यात आले, हे नाकारता येत नाही. दुखण्याचे निदान योग्य होते. शस्त्रक्रिया मात्र भर चौकात झाली.

याच संघाने फेब्रुवारी २०१८मध्ये वेगळा मार्ग चोखाळला होता. तत्कालीन व्यवस्थापनाने थेट चाहत्यांना पत्र लिहून सांगितले, की संघाची नव्याने बांधणी करायची आहे आणि त्यात काही आवडते खेळाडू निरोप घेतील. कटू बातमी होती, पण ती तोंडावर सांगितली गेली आणि चाहत्यांनी कळ सोसली. पुढच्याच वर्षी पानारिन न्यूयॉर्कला आला. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता. पहिल्या वेळी तो घरच्यांना आधी कळला. दुसऱ्या वेळी बाहेरच्यांना.

हंगाम संपताच प्रशिक्षक पीटर लाव्हियोलेट यांना पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी पिट्सबर्गला २०१६ आणि २०१७मध्ये स्टॅन्ली कप जिंकून देणारे माईक सुलिव्हन आले. जूनमध्ये क्रायडरही अॅनाहाइमला गेला. रेंजर्ससाठी ३२६ गोल करणाऱ्या खेळाडूचा तो निरोप होता. जानेवारीत व्हँकुव्हरहून आणलेला जे. टी. मिलर पुढे कर्णधार झाला. प्रशिक्षक बदलला, कर्णधार बदलला; ड्रुरी यांचा करार मात्र वाढवण्यात आला.

१९२६मध्ये स्थापन झालेल्या या संघाने १९४०नंतरच्या कपासाठी ५४ वर्षे वाट पाहिली आणि १९९४मध्ये तो जिंकला. त्यानंतर पुन्हा तीच प्रतीक्षा सुरू आहे. अशा संघाच्या चाहत्यांना संयम शिकवण्याची गरज नाही. त्यांना हवे असते ते एवढेच, की विजयाच्या वर्षी उणिवा लपवल्या जाऊ नयेत आणि पराभवाच्या वर्षी हिशेब फक्त बर्फावर उतरणाऱ्यांकडून मागितला जाऊ नये. मानधनाची मर्यादा लीग ठरवते. माणसांना कसे वागवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.