बाळाच्या पाठीतली शेगडी

मैत्रिणींनो, या थंडीत आमच्या शाळेतल्या एका बाईंनी बंब पेटवणंच बंद केलं. कारण काय, तर गार पाण्याने अंघोळ केली की चरबी जळते, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. आठवड्याभरात नाक पुसत वर्गावर जाऊ लागल्या! आम्ही हसलो खरे, पण गोष्ट अगदीच खोटी नाही बरं का. मी बी. ए. झाले ती इतिहास घेऊन, शास्त्र काही माझा प्रांत नव्हे. तरी नेटाने वाचून जे समजलं ते सांगते.

आपल्या अंगात चरबी दोन तऱ्हेची असते. एक पांढरी, साठवणीची. कणगीत धान्य भरून ठेवावं तशी. दुसरी तपकिरी. तिचं काम जळून ऊब देण्याचं. थंडी लागली की मेंदूकडून नसांवाटे निरोप येतो, आणि ही चरबी कुडकुडल्याशिवाय अंग गरम करते. मोठ्या माणसांत ती जवळजवळ उरतच नाही, असं डॉक्टर लोक बरीच वर्षं धरून चालले होते. २००९ साली नव्या तपासण्यांत दिसलं, की मानेपाशी, गळ्याच्या हाडाच्या वर ती थोडी शिल्लक असते. आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त वेळा सापडते. (चला, काहीतरी आपल्या वाट्याला जास्त आलं!) जपानात काही जणांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांच्या गारठ्यात बसवलं, तेव्हा कुठे त्यांची ही चरबी जोमाने कामाला लागली आणि अंगावरची थोडी उतरली. मग दोन तांबे गार पाण्याने काय व्हायचं? रक्तदाब असलेल्या बाईने तर हा उद्योग करूच नये.

पण ही चरबी खरी कोणाच्या कामाची, ते मला गेल्या पौषात घरातच कळलं.

माझी पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, इथे करकंबला आली होती. दिवस पुरे व्हायच्या पाच आठवडे आधीच मोकळी झाली. मुलगी, वजन एक किलो नऊशे. पाचव्या दिवशी घरी आणली. सातव्या दिवशी सकाळी थोरल्या जाऊबाईंनी पायावर घेऊन, तेल चोळून, चांगली दणदणीत अंघोळ घातली. न्हाणीघराच्या फटीतून वारा येत होता. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे काय गारठा असतो, ठाऊकच आहे. पोर आधी रडली, मग गप्प झाली. "बघ कशी शांत झोपली," जाऊबाई म्हणाल्या. दहा वाजले तरी ती दूध ओढेना.

नशिबाने त्याच दिवशी आशाताईंची फेरी होती. त्यांनी हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावली, मग तळपायाला. पोट गरम, पाय गार. म्हणाल्या, "बाळाला थंडी बाधायला लागलीय. पोटही गार असतं, तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला सांगितलं असतं."

नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे, मानेभोवती आणि मूत्रपिंडांपाशी ही तपकिरी चरबी असते. तीच त्याची शेगडी. ती भरते गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे जळणच थोडं. शिवाय ती जळताना रक्तातली साखर आणि प्राणवायू खर्ची पडतो. बाळ मलूल होतं, ओढत नाही. आणि पोटात गेलेलं दूधही वजन वाढवण्याऐवजी ऊब राखण्यात जातं.

आशाताईंनी बाळाचे कपडे काढले. फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे ठेवले, आणि पुतणीच्या उघड्या छातीवर उभं धरून वरून गोधडी लपेटली. तासाभराने तळपाय कोमट झाले. दुपारी बारा-साडेबाराला बाळ दूध प्यायलं. पुतणीचा तेव्हा बांध फुटला. "काकू, मी तिला शांत झोपलीय समजत होते हो!"

आशाताईंच्या या फेऱ्यांचं मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची घरी देखभाल करायला शिकवलं. ऊब, अंगावरचं दूध, जंतुसंसर्गावर वेळेत औषध, असं सगळं मिळून तिसऱ्या वर्षी तिथले बालमृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले, शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून सरकारने हेच काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं.

तेव्हा जन्मल्याबरोबर अंघोळ नको, निदान एक दिवस तरी थांबा. कमी वजनाचं असेल, तर वजन भरेपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. टोपडं काढू नका. बाळाची बरीच ऊब डोक्यातून जाते. आणि ओढत नसेल, पोट गार लागलं, तर वाट न पाहता दवाखाना.

पुतणीची मुलगी आता भिंतीला धरून उभी राहते. जाऊबाईंनी अंघोळीचं ऐकलं, अगदी शेजारणींनाही सांगतात. पण बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवू नये, त्या धुराने जीव जातो, हे काही त्यांना अजून पटत नाही. मी रोज जाऊन एक खिडकी उघडायची, आणि माझी पाठ वळली की त्यांनी लावायची, असं महिनाभर चाललं होतं.